जुन्या गाडीचं रॅडिकल कस्टम मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांची छोटी मॉडेल करणाऱ्या नाशिक आणि आसपासच्या लोकांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः अँबॅसडर आणि फियाटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची आहेत, कारण दर दहा प्रश्नांतले आठ याच दोन गाड्यांबद्दल असतात.

१. रॅडिकल कस्टम म्हणजे नक्की काय? मी गाडीला काळा मॅट रंग दिला आणि मोठी चाकं लावली, हे कस्टम झालं ना?

कस्टम झालं, रॅडिकल नाही. रंग, चाकं, बंपर, उंची हे बदल उलटे फिरवता येतात. रॅडिकल कामात गाडीचा साचाच कापला जातो: टप खाली येतो, बॉडी चॅसिसवर खोल बसते, चार दारांची दोन होतात, दिवे मडगार्डच्या आत जातात. ही परंपरा कॅलिफोर्नियातली. कस्टम गाड्या करणाऱ्या बॅरिस बंधूंनी १९५१ च्या मर्क्युरी या अमेरिकी गाडीवर केलेलं आणि 'हिरोहाता मर्क' नावाने ओळखलं जाणारं काम मॉडेलवाले आजही समोर ठेवतात. त्या गाडीचा टप पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच कापलेला आहे. पुढे कमी आणि मागे जास्त कापल्यामुळे तो मागच्या बाजूला उतरत जातो आणि उभी गाडीही पळतेय असं वाटतं.

इतकं कापूनही ती मर्क्युरी म्हणून चटकन ओळखू येते. माझी मॉडेल तपासायची कसोटी तीच आहे. अँबॅसडर कितीही कापा, पण बघणाऱ्याच्या तोंडून आधी "अरे, अँबॅसडर!" आणि मग "हिला काय केलंय?" असं निघालं पाहिजे. पहिलं वाक्य निघालंच नाही तर ती कुठलीही गाडी झाली.

२. पहिल्या मोठ्या कामासाठी अँबॅसडर घ्यावी की पद्मिनी? की बाहेरचं किट मागवावं?

हात बसायचा असेल तर १:२४ किंवा १:२५ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या भागाएवढं, प्लास्टिक किट घ्या. एएमटी, रेव्हेल, तामिया अशा कंपन्यांच्या किटचं पॉलिस्टायरीन मऊ असतं, स्वच्छ कापलं जातं आणि पटकन चिकटतं. अमेरिकी किट बहुतेक १:२५ ची असतात आणि जपानी १:२४ ची. हा फरक चार टक्क्यांचा आहे. एकाची चाकं दुसऱ्याला चालतात, पण एकाचा टप दुसऱ्याला बसत नाही.

ओढ आपल्या गाडीची असेल, आणि बहुतेकांची असतेच, तर दोन्हींचा स्वभाव समजून घ्या. अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आली आणि उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. सगळीकडून गोल आणि गुबगुबीत असल्याने टप खाली आणला की तिचं रूप एकदम पालटतं, पण गोलाईमुळे पुट्टीकाम वाढतं. पद्मिनी सरळ रेषांची आहे, कापायला सोपी. मात्र सरळ रेषेतली अर्ध्या मिलिमीटरची चूकही लगेच नजरेत भरते. नवख्यांना मी अँबॅसडर सुचवतो, कारण गोल पृष्ठभाग घासून दुरुस्त करता येतो.

कापण्याआधी अँबॅसडरचं साल ठरवा. १९६२ मध्ये मार्क २ ही पुढची आवृत्ती आली तेव्हा पुढे चौकटीची जाळी आली, आणि नंतरच्या मार्कना जाळी पुन्हा बदलली. गाडीची ओळख तोंडावर असते, त्यामुळे बॉडीत जास्त कापणार असाल तर जाळी निदान एका मार्कशी प्रामाणिक ठेवा.

३. खेळण्यांच्या दुकानातून पुल-बॅकची अँबॅसडर आणली. डब्यावर स्केल लिहिलेला नाही. कसा काढू?

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. खऱ्या अँबॅसडरचं हे अंतर २४६४ मिमी आहे आणि पद्मिनीचं २३४०. खऱ्या मापाला तुमच्या मापाने भागा. खेळण्यात ७० मिमी भरलं तर २४६४ भागिले ७० म्हणजे साधारण १:३५. तंतोतंत १:२४ असेल तर १०२.७ मिमी भरायला हवं.

मग लांबी आणि रुंदीही याच पद्धतीने काढून बघा. खेळण्यांत बरेचदा लांबी एका स्केलची आणि रुंदी दुसऱ्याच स्केलची निघते, आणि चाकं तर हमखास लहान असतात. ते चालतं. मोठा फरक आधी कळला तर कुठे कापायचं ते ठरवता येतं. पुढची सगळी मापं १:२४ धरून दिली आहेत. तुमचा स्केल वेगळा असेल तर त्याच हिशोबाने बदला.

४. खेळण्याचं प्लास्टिक मॉडेलच्या ग्लूने चिकटतच नाही. काय करू?

ते पॉलिस्टायरीन नसावं. कापलेला छोटा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन आहे, त्यावर ना ग्लू धरतो ना रंग. ती बॉडी बाजूला ठेवा. बुडाला तर आतल्या बाजूला असिटोनचा एक थेंब टाका. चिकट झालं तर एबीएस किंवा स्टायरीन आहे आणि काम होईल. एबीएसला साधा स्टायरीन ग्लू अर्धवट धरतो. अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणारे वापरतात ते क्लोरोफॉर्म दोन्हींना वितळवून जोडतं. ब्रशच्या टोकाने सांध्यावर टेकवायचं, आपोआप आत ओढलं जातं. खिडक्या सताड उघड्या हव्यात आणि घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात.

झटपट ग्लू जागेवर धरून ठेवायला चांगला, पण टपाचा भार त्यावर सोडू नका. तो ठिसूळ असतो आणि घासताना सांधा उकलतो.

५. नाशिकमध्ये हे सामान कुठे मिळतं? सगळं ऑनलाइनच मागवावं लागतं का?

किट आणि मॉडेलचे खास रंग ऑनलाइन. बाकी जवळजवळ सगळं गावात मिळतं, फक्त मॉडेलवाल्याच्या नावाने मागू नका.

बारीक कानशी आणि तारेसारख्या पात्याची फ्रेम करवत ही सोनारांची हत्यारं आहेत. सराफ बाजाराच्या आसपास चौकशी करा. ऑनलाइन येणाऱ्या कानशीच्या संचापेक्षा सोनाराची एक अर्धगोल कानस जास्त दिवस टिकते, आणि टपाचे खांब कापायला तिथल्या करवतीसारखं दुसरं काही नाही. एनसी पुट्टी, प्रायमर, थिनर आणि ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात मिळतात. तिथे रंग मिसळून देतात. कमीत कमी माप मागा, मॉडेलला पन्नास मिली पुष्कळ होतो. स्टायरीनची शीट बोर्ड-फ्लेक्सवाल्यांकडे हिप्स शीट म्हणून मागा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड टाकू नका, ते ०.७६ मिमी जाडीचं सरळ प्लास्टिक असतं. ते पीव्हीसी असल्याने झटपट ग्लूनेच चिकटवा. लेथ किंवा लेझर कटिंगचं काम असेल तर सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत असे हात भरपूर आहेत. एका चाकासाठी यंत्र लावायला कोणी तयार होत नाही, म्हणून चौघं-पाचजण मिळून ऑर्डर द्या.

६. सुरुवात कशी करू? सरळ टप कापायला घेऊ का?

नाही. बॉडीचा अगदी बाजूने फोटो काढा. मोबाईल निदान दोन मीटर लांब ठेवून झूम करा, जवळून काढला तर आकार बिघडतो. फोटो मॉडेलच्याच मापात छापून घ्या, तीन-चार प्रती. कात्रीने कागदाचा टप कापा, खाली सरकवा, चिकटवा, भिंतीवर लावा आणि दोन दिवस येता-जाता बघा.

या दोन दिवसांत एकच गोष्ट ठरवायची आहे: गाडीची मुख्य रेषा कोणती. अँबॅसडरमध्ये बोनेटवरून निघून दारावरून डिकीपर्यंत उतरत जाणारी एक लांब रेषा काढता येते. ती ठरली की पुढचे निर्णय सोपे होतात. दाराचा हँडल तिच्या आड येतो का? मग काढा. क्रोमची पट्टी तिला साथ देते का? मग ठेवा. इंटरनेटवर दिसलेला प्रत्येक बदल एकाच गाडीवर लादलेली मॉडेल मी खूप बघतो. कारागिरी उत्तम असूनही नजर कुठेच ठरत नाही.

७. टप चॉप नेमका कसा करायचा? माझा टप कापल्यावर खांब जुळतच नाहीत.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर.

खांब जुळत नाहीत याचं कारण भूमिती आहे. पुढचा खांब मागे कललेला असतो, मागचा पुढे, आणि दोन्ही बाजू आत कललेल्या. म्हणजे टप वर जाताना चारही बाजूंनी लहान होत जातो. मधली पट्टी काढून वरचा भाग खाली आणला की तो खालच्या खांबांपेक्षा आखूड आणि अरुंद पडतो. किती ते काढता येतं. काच उभ्या रेषेपासून ३५ अंश कललेली असेल आणि तुम्ही ४ मिमी कापलं, तर त्या टोकाला सुमारे २.८ मिमी तूट येते. मागच्या बाजूलाही तशीच.

तूट भरायचे दोन मार्ग आहेत. एक, पुढचा खांब बुडाशी अर्धवट कापून आणखी मागे कलवायचा. काच जास्त झोपते आणि गाडी चपळ दिसते. दोन मिमीपर्यंतच्या तुटीला हा मार्ग बरा. दुसरा, टप अधिकच्या (+) खुणेत चार तुकडे करायचा, हवा तेवढा फाकवायचा आणि मधल्या फटीत स्टायरीनच्या पट्ट्या भरायच्या. अँबॅसडरला मी हाच सांगतो. तिचा टप घुमटासारखा आहे, त्यामुळे फाकवल्यावर मध्यभागी थोडा सपाट होतो आणि चॉप केलेल्या गाडीला तो सपाटपणा शोभतो.

क्रम असा ठेवा. आधी दारं आणि डिकी आतून टेपने घट्ट बांधा, नाहीतर टप सुटल्यावर बॉडी पसरते. दोन मिमी रुंदीची मास्किंग टेप बॉडीभोवती लावा: एक कापाच्या वरच्या रेषेवर, एक खालच्या. १:२४ मध्ये खरे ४ इंच म्हणजे ४.२ मिमी. पुढे ४ आणि मागे ५ किंवा ६ मिमी हे पहिल्या कामाला पुरे. दोन्ही बाजूंची मापं बोनेटपासून घेऊ नका, बॉडी सपाट काचेवर ठेवून त्या काचेपासून घ्या. आधी वरची रेषा कापा, मग खालची, आणि दोन्ही वेळा रेषेपासून अर्धा मिमी, काढायच्या पट्टीच्या बाजूने. उरलेलं कानशीने.

जोडताना पुढचे दोन खांब आधी, थेंबभर झटपट ग्लूने. लांबून बघा, समोरून बघा, आरशातही बघा, वाकडेपणा आरशात लगेच कळतो. समाधान झालं की मागचे खांब, मग वितळवणारा ग्लू (प्रश्न ४). प्रत्येक खांबाच्या आतून पितळी तारेचा तुकडा बसवा. अँबॅसडरचा मागचा खांब रुंद आहे, त्यात दोन तारा मावतात. चोवीस तास हात लावू नका.

८. टप लहान झाला, आता काचा कुठून आणू?

मूळ काच कापून बसवण्याच्या फंदात पडू नका, तिला जवळजवळ नेहमीच तडा जातो. पुढची काच एकाच दिशेने वाकलेली असेल तर ओएचपी शीट किंवा शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक प्लास्टिक चालतं. आधी कागदाचा साचा कापून बसवून बघा. मागची काच दोन्ही दिशांना वाकलेली असेल तर पुट्टीचा ठोकळा त्या आकारात घासा, बाटलीचं पारदर्शक प्लास्टिक त्यावर ताणा आणि हॉट एअर गनने गरम करा. बाटलीचं प्लास्टिक गरम होताच आकसून ठोकळ्याला बसतं. काच रंगानंतर, पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा. झटपट ग्लूच्या वाफेने काच पांढुरकी होते.

९. गाडी अजून खाली आणायची आहे. चॅनेलिंग करू की सेक्शनिंग?

चॅनेलिंगमध्ये बॉडी न कापता चॅसिसवर खोल बसवतात, त्यासाठी फरशीच्या कडा काढतात. सेक्शनिंगमध्ये बॉडीच्या बाजूची आडवी पट्टी सगळीकडून कापून काढतात. अँबॅसडरला चॅनेलिंगच करा. तिच्या मडगार्डची गोलाई आडव्या सरळ कापाला दाद देत नाही. जाळी, दिवे आणि चाकांच्या कमानी प्रत्येक ठिकाणी कापाची उंची बदलावी लागते. पद्मिनीच्या बाजू सपाट आहेत, तिथे ३ मिमीचं सेक्शनिंग करण्यासारखं आहे.

चॅनेलिंगनंतर फरशी आत वर येते. सीट आणि स्टिअरिंग तेवढंच खाली घ्या, नाहीतर ड्रायव्हरचं डोकं टपाला लागेल असं दिसतं. चॉप केलेल्या टपाखाली हे दुप्पट जाणवतं.

१०. अँबॅसडर दोन दारांची करता येईल का?

येईल, आणि छान दिसते. पण मागचं दार नुसतं बुजवलं तर पुढचं दार फार आखूड वाटतं. मधला खांब ६ मिमीच्या आसपास मागे न्या आणि पुढचं दार तेवढं वाढवा. वाढीव तुकडा दुसऱ्या खराब बॉडीच्या दारातून घ्या, म्हणजे गोलाई आपोआप जुळते. म्हणूनच एक मॉडेल करायला दोन बॉडी विकत घ्या असं मी सांगतो. दाराची नवी फट टेपच्या कडेने जाड सुईने कोरा, घाई न करता हलक्या हाताने.

११. मागून बिजागरी असलेली दारं आपल्या गाड्यांना शोभतात का? विदेशी वाटणार नाहीत?

जुन्या 'डुक्कर फियाट'ची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या गोलसर फियाटची, पुढची दारं मागच्या बाजूनेच अडकवलेली होती, ती आपल्याच रस्त्यांवर धावत होती. त्यामुळे फियाटवर उलटं दार आणलं तर ते घराण्याला धरूनच आहे. पितळी नळीचे दोन तुकडे दाराच्या आत, त्यात पिन, आणि पिनेला इंग्रजी 'यू'सारखा बाक. बाक पुरेसा खोल नसेल तर दार उघडताना कड मडगार्डला घासते आणि रंग जातो.

१२. कोणती पुट्टी वापरू? एम-सील चालेल का?

मोठे खड्डे आणि दिव्यांचे खोबण भरायला एम-सील चालतं, पण ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतं. घासताना प्लास्टिक झिजतं आणि एम-सीलचा उंचवटा राहतो. पृष्ठभागापासून थोडं खाली भरा आणि वरचा थर गाड्यांच्या दोन भागांच्या पुट्टीचा द्या. एनसी पुट्टी फक्त ओरखड्यांसाठी. जाड थर लावला तर ती महिनाभर आकसत राहते आणि चकचकीत रंगाखाली सांध्याची रेषा उमटते.

१३. पावसाळ्यात रंग पांढुरका पडला. रंग खराब होता का?

रंग ठीक असतो, हवा दमट असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि लॅकर पांढुरका होतो. थर पातळ असेल तर कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिल्यावर पांढुरकेपणा बरेचदा जातो. गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं असेल, त्या आठवड्यात गन हातातच घेऊ नका. पावसाळा कापण्या-घासण्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकची हवा रंगासाठी फार चांगली. सकाळच्या कडाक्यात स्प्रे कॅन मात्र दाब धरत नाही, तेव्हा तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात कधीही नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलट अडचण येते, रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो.

आणि एक नियम: इनॅमलवर लॅकर मारू नका, सुरकुत्या पडतात. लॅकरवर इनॅमल चालतं.

१४. कँडी रंग घरी जमेल का?

जमेल, एअरब्रश हवा. खाली बारीक कणांची चांदी किंवा सोनेरी, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ थर, शेवटी क्लिअर (बिनरंगी चकचकीत थर). प्रत्येक थराने रंग गडद होतो, म्हणून सगळ्या बॉडीवर थरांची संख्या सारखी ठेवा. बोनेट आणि डिकी वेगळी रंगवली तर छटा जुळत नाही. ती जागेवर ठेवूनच फवारा. चकाकीचे कण स्केलला मोठे पडतात, सर्वांत बारीक तेच घ्या. गॅरेजमधला दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर सुंदर चमकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. ते काम बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या.

१५. क्रोमचं काय? खेळण्यावरचं क्रोम फार ढोबळ दिसतं.

घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की ते निघून जातं. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. मग चकचकीत काळ्यावर क्रोमचा रंग किंवा क्रोम पेन. बारीक पट्ट्यांसाठी स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल पातळ गोंदावर दाबून नव्या ब्लेडने कडा कापा. बंपरसाठी ते जाड पडत नाही, उलट खरं वाटतं.

१६. माझ्याकडे धातूची डायकास्ट अँबॅसडर आहे. तिच्यावर हेच सगळं करता येईल?

कापता येते, पण ती जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि साधं सोल्डरिंग तिच्यावर भरवशाने बसत नाही. जोड इपॉक्सी आणि पिनांचा. प्रश्न ७ मधलं खांब कलवण्याचं तंत्र इथे चालणार नाही, धातू मोडतो. टप चार तुकड्यांतच करा. कापताना डोळ्यांवर चष्मा हवा. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो जस्त खातो.

१७. हेडलाइट पेटते करायचे आहेत. कोणती बॅटरी?

३ व्होल्टचा सीआर २०३२ बटण सेल डिकीत मावतो आणि पांढऱ्या एलईडीला तेवढे व्होल्ट लागतातच. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर चालतो, त्यामुळे एकाच सेलवर पांढऱ्याशी समांतर जोडला तर लाल एकटाच पेटतो. लालला १०० ओहमच्या आसपास रेझिस्टर द्या किंवा वेगळा सेल ठेवा. दिव्याच्या मागचं प्लास्टिक आतून काळं रंगवा, नाहीतर मडगार्डमधून उजेड झिरपतो.

१८. मुलगा आठवीत आहे, त्याला हे शिकवता येईल का?

प्रश्न ६ मधला कागदी भाग त्यालाच करू द्या, मुलांना रेषा चटकन दिसते. कापणं तुमच्यासमोर, सोनाराच्या करवतीने. कटरपेक्षा ती सुरक्षित आहे. क्लोरोफॉर्म आणि फवारणी तुम्ही करा.

१९. मॉडेल बघून बाबा म्हणाले, आपली खरी फियाट अशीच करून घेऊ. करता येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी वेगळी पडेल असे बदल मालकाला करता येत नाहीत. टप कापणं तर त्याच्या फार पलीकडचं आहे. बाबांची मूळ गाडी चालती असेल तर तिला तशीच जपा, आणि मॉडेलवर तिचाच नंबर लिहा. पाटी १:२४ मध्ये छापायची तर मूळ पाटीचा समोरून फोटो घ्या, लांबी-रुंदीला २४ ने भागा, आणि फोटो प्रिंटच्या दुकानात चकचकीत कागदावर काढा. साध्या कागदावर अक्षरं फुटतात.